पहिल्या स्कॅनआधीची तयारी

कोड न चालवता, नुसता वाचून त्यातल्या सुरक्षेच्या चुका शोधणारा स्कॅनर बसवायला दहा मिनिटं पुरतात. तयारीसाठी मात्र एक-दोन दिवस राखून ठेवा. जुन्या कोडवर पहिल्यांदा टूल चालवलं की शेकडो वॉर्निंग येतात, आणि त्या कोणी तपासायच्या हे ठरलेलं नसेल तर तो रिपोर्ट पुन्हा कोणी उघडत नाही. म्हणून आधी माणूस नेमा.

मग आपला कोड कुठेकुठे आहे ते लिहून काढा. मुख्य रेपो, म्हणजे कोडचा साठा, सगळ्यांना आठवतो. रात्री चालणारी स्क्रिप्ट, अ‍ॅडमिन पॅनल, डिप्लॉयमेंटच्या फायली सुटतात. भाषेप्रमाणे टूल निवडा: पायथॉनला बँडिट, रेल्सला ब्रेकमन, अनेक भाषा एकत्र असतील तर सेमग्रेप किंवा कोडक्यूएल. कंपायलरच्या वॉर्निंगही चालू करून घ्या. फेब्रुवारी 2014 मध्ये अ‍ॅपलच्या एसएसएल कोडमध्ये (सुरक्षित जोडणी करणाऱ्या भागात) 'गोटू फेल', म्हणजे 'थेट शेवटी जा', ही ओळ चुकून दोनदा आलेली सापडली. दुसरी ओळ कोणत्याही अटीविना चालायची, त्यामुळे तिच्याखालची सहीची पडताळणी होतच नव्हती. न पोहोचता येणाऱ्या कोडची वॉर्निंग क्लँग या कंपायलरमध्ये होती, पण नेहमीच्या 'वॉल' (-Wall) पर्यायात ती येत नाही. वेगळी मागावी लागते.

कोडमध्ये राहिलेले पासवर्ड आणि टोकन शोधायला गिटलीक्स हे टूल लावणार असाल तर गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदीचा, पूर्ण इतिहास उतरवून घ्या. सीआयमध्ये, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत, बरेचदा फक्त शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) येतो आणि तीन वर्षांपूर्वी पुसलेली गुप्त की नजरेतून सुटते. की सापडलीच तर आधी ती रद्द करून नवी काढा. ओळ पुसण्याचं काम त्यानंतरचं. ही रद्द करण्याची पद्धत स्कॅनच्या आधीच माहीत करून घ्या. माझ्या मते पूर्ण तयारीतला हा सर्वांत निकडीचा भाग आहे.

बाहेरचा डेटा कुठून आत येतो आणि कुठे जाऊन पोहोचतो, हे कागदावर काढा. एका बाजूला फॉर्म, यूआरएल, हेडर, अपलोड केलेली फाइल. दुसऱ्या बाजूला एसक्यूएल क्वेरी, शेल कमांड, फाइलचा पाथ, एचटीएमएल. टूल यांच्यामधली वाट शोधतं, पण तुमच्याच टीमने लिहिलेलं डेटाबेसचं फंक्शन त्याला ओळखता येत नाही. ते नियमात लिहून सांगावं लागतं. हार्टब्लीड या गाजलेल्या चुकीत असंच काहीसं झालं. समोरून आलेल्या पॅकेटमधली लांबी ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी न तपासता खरी मानत होतं आणि एका वेळी 64 केबीपर्यंत मेमरी बाहेर जाऊ शकत होती. मार्च 2012 च्या आवृत्तीत आलेली ही चूक एप्रिल 2014 मध्ये जाहीर झाली. कव्हेरिटीसारख्या मुरलेल्या स्कॅनिंग टूललाही ती दिसली नव्हती. ज्या आकड्याच्या बाइट्सचा क्रम उलटवला जातो तो बाहेरून आलेला समजायचा (नेटवर्कवरून आलेल्या आकड्यांचं बहुधा तसंच करावं लागतं), हा नियम कव्हेरिटीने नंतर आणला.

बाहेरून घेतलेल्या लायब्ऱ्यांचे आणि आपोआप तयार झालेल्या कोडचे फोल्डर या स्कॅनमधून वगळा, पण लायब्ऱ्यांच्या आवृत्त्या वेगळ्या तपासा. डिसेंबर 2021 मधली लॉगफोरजे या जावा लायब्ररीची फट अनेकांच्या घरात लायब्ररीतूनच शिरली होती.

जुन्या वॉर्निंगची बेसलाइन, म्हणजे आधीपासूनच्या वॉर्निंगची यादी, करून ठेवा आणि सुरुवातीला नव्या वॉर्निंगवरच बिल्ड अडवा. एखादी वॉर्निंग दाबायची असेल तर शेजारी कारण आणि नाव लिहिलंच पाहिजे. रिपोर्ट कोण पाहू शकेल हेही ठरवा. तो आपल्या कमकुवत जागांचा नकाशा असतो.

यूआरएलमधला क्रमांक बदलून एका ग्राहकाला दुसऱ्याचं बिल दिसत असेल, तर स्कॅनरला त्यात सहसा काही खटकत नाही. क्वेरी बरोबरच असते, परवानगीची तपासणी तेवढी राहिलेली असते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या धोक्यांच्या 2021 च्या यादीत हाच प्रकार पहिल्या क्रमांकावर आहे. तो कोड दोघांनी बसून वाचायचा दिवस आत्ताच ठरवा.

शेवटी वेगळ्या ब्रांचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर) मुद्दाम एक असुरक्षित क्वेरी लिहा आणि टूल चालवा. ती पकडली गेली नाही, तर सेटिंग चुकलंय. मुख्य कोड अजून स्कॅनला लावू नका.