ट्रेटिनॉइन सोडून अडॅपॅलीन लावले तेव्हा

गालांवरच्या आणि हनुवटीवरच्या मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञांनी मला प्रथम ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन क्रीम लिहून दिले, आणि लवकर गुण यावा म्हणून मी ते तोंड धुतल्याबरोबर, ओलसर त्वचेवरच, रोज रात्री सढळ हाताने लावू लागले. दहाव्या दिवशी नाकपुड्यांच्या कडेला पापुद्रे सुटले होते आणि साधे पाणीही झोंबत होते.

डॉक्टरांनी ते थांबवून ०.१ टक्के अडॅपॅलीन जेल दिले. दोन्ही औषधे रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाशी नाते असलेल्या, वर्गातलीच; दोन्ही रोमरंध्रे तुंबू देत नाहीत. मात्र अडॅपॅलीनमुळे होणारी जळजळ सहसा ट्रेटिनॉइनपेक्षा कमी असते, आणि ट्रेटिनॉइनची नेहमीची क्रीमे प्रकाशात व बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरुमांचे जंतू मारणाऱ्या औषधाच्या संपर्कात निष्प्रभ होऊ लागतात, तसे अडॅपॅलीनचे होत नाही. मला बेंझॉइल पेरॉक्साइडही द्यायचे असल्यामुळे हा फरक माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा होता.

यावेळी मी चेहरा पूर्ण कोरडा होऊ दिला, आधी मॉइश्चरायझर लावले आणि मग वाटाण्याएवढे जेल, तेही एका मुरुमावर नव्हे तर डोळे व ओठांच्या कडा वगळून सगळ्या चेहऱ्यावर, एक रात्र आड पसरले. सकाळी सनस्क्रीन चुकवले नाही. तिसऱ्या आठवड्यात मुरूम उलट वाढले, तेव्हा धीर सुटत आला होता. पण बाराव्या आठवड्यापर्यंत हनुवटी स्वच्छ झाली. काळसर डाग अजून हळूहळू फिकट होत आहेत. गरोदरपणात ही औषधे टाळायची असतात, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत बजावले होते.