सांगलीत राहून भयपट आणि त्याचे संगीत स्वतः करताना

पहिला भयपट पंधरा मिनिटांहून मोठा करू नये आणि पटकथा लिहितानाच त्याचे आवाज ठरवावेत, कारण कमी खर्चात भीती दाखवण्यापेक्षा ती ऐकवणे सोपे असते. जॉन कार्पेंटर यांनी १९७८ च्या ‘हॅलोविन’ या भयपटाचे दिग्दर्शन आणि संगीत दोन्ही केले, त्याची मुख्य धून पाच मात्रांची असल्याने चारांच्या ठेक्याला सरावलेला कान सतत अडखळतो.

सांगलीकरांच्या हाताशी तर तंतुवाद्यांचे मिरज आहे. तिथल्या एखाद्या कारागिराला विचारून तंबोऱ्याच्या जवारीवरचा, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवरचा, दोरा काढावा, तार किंचित उतरवून छेडावी, २४ बिटमध्ये, म्हणजे बारीक आवाजही नीट टिपणाऱ्या दर्जात, ध्वनिमुद्रण करावे आणि मग त्याचा वेग निम्मा करावा. स्वर बरोबर एक सप्तक खाली जातो आणि ओळखीचे वाद्य परके होते. मात्र अतिखर्जातले आवाज मोबाइलच्या स्पीकरवर जवळजवळ ऐकूच येत नाहीत, म्हणून सगळा भार त्यांच्यावर टाकू नये. (अचानक येणारा कर्कश दणका मला तरी आळस वाटतो.)

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीतच नाटक उभे केले, त्यामुळे हौशी नट मिळतात. फक्त त्यांचा रंगमंचीय आवाज कॅमेऱ्यासमोर खाली आणावा लागतो. मानधन आणि हक्क लेखी ठरवावेत. चित्रपटगृहात दाखवायचे असल्यास सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. अनेक महोत्सव आधी इंटरनेटवर टाकलेला चित्रपट घेत नाहीत, तेव्हा यूट्यूबची घाई करू नये.