लेसमध्ये लॉग वाचताना अर्धंच पान सरकवा

सर्व्हरचा लांबलचक लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदींची फाइल, लेसमध्ये (टर्मिनलमध्ये मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्राम) उघडला की बहुतेक जण स्पेसबार दाबत सुटतात. अख्खं पान पुढे जातं आणि संदर्भ तुटतो. त्याऐवजी 'डी' दाबा, मागे यायला 'यू'. अर्धंच पान सरकतं, वाचलेला निम्मा मजकूर समोर राहतो आणि एररची सुरुवात पटकन सापडते.

अर्धं पानही जास्त वाटतंय? 10 टाइप करून 'डी' दाबा. आता लेस बंद करेपर्यंत दोन्ही कळा दहा-दहा ओळीच सरकवतील. कर्जत लोकलमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन, शेजाऱ्याचं कोपर सांभाळत काम करणाऱ्यांनी तर हे शिकून घ्यावंच. ट्रॅकपॅडवर बोटं फिरवायला तिथे जागा कुठे असते!

खरी अडचण शोधताना येते. स्लॅश देऊन शब्द शोधला की सापडलेली ओळ बहुधा स्क्रीनच्या अगदी वर येते, तिच्याआधी काय घडलं ते दिसतच नाही. लेस चालू असतानाच वजा चिन्ह आणि लहान 'जे' दाबा, मग .5 लिहून एंटर मारा. पुढचा शोध मधोमध येईल.

हे कायमचं हवं असेल तर कॅपिटल अक्षरांतल्या 'लेस' (LESS) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये हा पर्याय (-j.5) लिहा आणि तो व्हेरिएबल बॅशआरसीतून (.bashrc, बॅश सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) एक्सपोर्ट करा. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, जे आपला मजकूर लेसमध्येच दाखवतं) वापरत असाल तर सोबत कॅपिटल एफ, आर आणि एक्सही लिहा. हा व्हेरिएबल आधीच सेट असला की गिट स्वतःचे पर्याय घालत नाही, मग रंगांच्या जागी विचित्र खुणा दिसू लागतात.