आईचा बटणांचा फोन इंटरनेटवर कसा चालू केला (कम्प्युटर लागत नाही)

आमच्या आईला टचस्क्रीन जमत नाही. सगळं आयुष्य चुलीपाशी आणि कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत) गेलेलं, बोटांची कातडी कोरडी झालीय, तिनं दाबलं तरी स्क्रीनला कळत नाही आणि कळलंच तर भलतंच काहीतरी उघडतं. पण वसरीतला बटणांचा फोन ती अंधारातही लावते, सगळ्यांचे नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेत. गोव्यात वाळपईच्या आतल्या बाजूला आमचं घर, जुनी तांब्याची लाइन दर पावसात माडाची झावळी पडली की तुटायची, शेवटी आम्ही ती सोडली आणि फायबर घेतलं. मग प्रश्न आला की आईच्या फोनचं काय करायचं. तर तोच फोन इंटरनेटवर चालतो, रोज चालतो, आणि मला वाटतं ज्यांच्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे त्यांनी हे नक्की करून बघावं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी सोपा रस्ता. तुमच्याकडे फायबर असेल तर भिंतीवरच्या फायबरच्या डब्याची मागची बाजू बघा, लॅनच्या भोकांपेक्षा एक लहान भोक असतं, त्यावर टेल, फोन किंवा पॉट्स असं काहीतरी लिहिलेलं असतं. बीएसएनएल, जिओ, एअरटेल या सगळ्यांच्या फायबरबरोबर लँडलाइन नंबर मिळू शकतो, म्हणजे आपला ०८३२ वाला. जुन्या फोनची वायर त्या भोकात घाला आणि रिसीव्हर कानाला लावा. टोन आला तर काम झालं. नाही आला तर बहुतेक वेळा नंबर त्या डब्यात भरलेलाच नसतो, कनेक्शन देणाऱ्या माणसाला फोन करून 'व्हॉइस चालू करून द्या' असं स्पष्ट सांगा, ते आपल्याला स्वतःला करता येत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे एटीए नावाची छोटी डबी, ती साधा फोन इंटरनेटला जोडते. डब्यात फोनचं भोकच नसेल, किंवा आमच्यासारखा भाऊ इंग्लंडात आहे आणि त्याच्याशी इंटरनेटवरून थेट फुकट बोलायचंय, तर ही घ्यायची. ग्रँडस्ट्रीमच्या एचटी८०१ ला एक फोन लागतो, एचटी८०२ ला दोन. डबीच्या एका बाजूला राउटरमधून येणारी लॅनची वायर, दुसऱ्या बाजूला साधा फोन, आणि पॉवर. घेताना पोर्ट एफएक्सएस, म्हणजे साधा फोन जोडायचा, आहे ना ते विचारा. एफएक्सओ म्हणजे उलटं काम, तो बाहेरून येणारी लाइन जोडायचा पोर्ट, त्यात आपला फोन वाजणारच नाही.

इथे माझी चूक सांगतो कारण पैसे गेले. मला वाटलं घरातली जुनी वायरिंग आहेच, रोझेट बॉक्समध्ये (भिंतीवर फोनच्या तारा जोडायच्या छोट्या खोक्यात) डबी जोडली की माजघरातला फोनपण वाजेल. विचार बरोबर होता, पण बाहेरून येणारी तारांची जोडी मी काढली नव्हती, लाइन बंद केली असं आम्हाला सांगितलेलं आणि प्रत्यक्षात तारेत एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट येतच होते. डबीचा पोर्ट त्याच दिवशी मेला. तेव्हा आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेरची जोडी दोन्ही तारांसकट काढा, टोकांना टेप लावा, मगच घरातली वायरिंग वापरा. दसऱ्याच्या सुमाराला परतीच्या पावसात जी गडगडाटाची वीज होते तीसुद्धा याच तारेतून घरात शिरते, म्हणून ती काढलेलीच बरी.

आता सेटिंग. यासाठी एक सिप अकाउंट लागतं, म्हणजे इंटरनेट फोनचं खातं, त्यात सर्व्हरचं नाव, युजर आयडी आणि पासवर्ड अशा तीन गोष्टी मिळतात. फुकटची खाती मिळतात पण त्यांना टेलिफोन नंबर नसतो, त्याच पद्धतीच्या खात्यावरच बोलता येतं, आम्हाला तेवढंच हवं होतं. भावाच्या मोबाईलवर लिनफोन ॲप घातलं, झॉयपरही चालतं. साध्या मोबाईल नंबरांवर फोन लावायचे असतील तर लायसन्स असलेल्या कंपनीचंच खातं घ्या. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल आपल्या घरातल्या लाइनवरून किंवा सिमवरून पुढे सोडायची 'स्कीम' कुणी सांगितली तर हात जोडा, ते बेकायदेशीर एक्स्चेंज ठरतं आणि पोलीस घरी येतात.

सेटिंग मोबाईलवरूनच होतं. ग्रँडस्ट्रीम असेल तर त्याला जोडलेल्या फोनवरूनच * तीनदा दाबा, मग ०२ दाबा, एक बाई इंग्रजीत आयपी अ‍ॅड्रेस वाचून दाखवते, तो कागदावर लिहून घ्या. मोबाईल घरच्याच वायफायवर ठेवा आणि ब्राउझरमध्ये तो आकडा टाका. पासवर्ड बहुतेक डबीखालच्या स्टिकरवर असतो, आत गेल्यावर आधी तो बदला. मग त्या तीन गोष्टी भरा, कोडेकमध्ये, म्हणजे आवाज पाठवायच्या पद्धतींच्या यादीत, पीसीएमए सगळ्यात वर ठेवा (आपल्याकडे टेलिफोनचा आवाज त्याच पद्धतीचा असतो), सेव्ह करून रीबूट. स्टेटसच्या पानावर रजिस्टर्ड दिसलं पाहिजे. डेटाची काळजी करू नका, एका दिशेला साधारण ९० केबीपीएस लागतो, तासभर बोललात तरी दोन्ही बाजूंचा मिळून ८० एमबीच्या आसपास जातो.

फोन लागतो पण एकाच बाजूचा आवाज येतो असं झालं तर डबीला दोष देऊ नका. आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या, आई 'हॅलो हॅलो' करतेय आणि भावाला सगळं ऐकू येतंय पण तिला काहीच नाही. राउटरमध्ये सिप एएलजी नावाचं एक सेटिंग असतं, ते बंद केलं आणि आवाज आला. माझ्या मते पहिल्याच दिवशी ते बंद करून टाकावं.

फोन कुठला घ्यायचा? साधा वायरवाला, बीटेलसारखा. कॉर्डलेस नको, कारण त्याचा बेस विजेवर चालतो. फोनच्या खाली किंवा बाजूला टी (टोन) आणि पी (पल्स) असं बटण असेल तर टी वर ठेवा. जुना गोल फिरवायचा फोन असेल तर त्याचे पल्स सगळ्या डब्यांना कळत नाहीत, घेण्याआधी विचारून घ्या. नंबर दाबल्यावर डबी चारेक सेकंद थांबते, आईला वाटायचं लागतच नाही आणि ती ठेवून द्यायची. शेवटी # दाबलं की लगेच जातो, हे कॅलेंडरच्या मागे प्रत्येक नंबरापुढे लाल पेनाने काढून ठेवलंय. ज्यांना आकडेही जमत नाहीत त्यांच्यासाठी ऑफहुक ऑटो डायल आहे, त्यात एकच नंबर भरून ठेवायचा, रिसीव्हर उचलला की तोच लागतो. शेजारच्या काकींना मी तसं करून दिलं, त्यांचा मुलगा पुण्याला असतो, काकी फक्त उचलतात.

११२ आणि १०८ मात्र सिप खात्यावरून लागतील असं धरून चालू नका, त्यासाठी मोबाईल चार्ज करून जवळ असलाच पाहिजे.

राहिली वीज. जुन्या लाइनला एक्स्चेंजमधून करंट यायचा, घरात काळोख असला तरी फोन चालायचा. आता फायबरचा डबा, राउटर आणि एटीए या सगळ्यांना पॉवर हवी. इन्व्हर्टर नसेल तर राउटरचा छोटा यूपीएस घ्या, फक्त आधी प्रत्येक अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा, एचटी८०१ ला ५ व्होल्ट लागतात आणि बहुतेक राउटरना १२, चुकीची पिन घातली तर डबी जळते. सगळं जोडलं की चवथीला पाहुणे यायच्या आधी एकदा मेन स्विच पाडा, रिसीव्हर कानाला लावा आणि टोन येतोय का बघा, अर्ध्या तासाने परत बघा.