पावसाचं पाणी गाळून जिरवताना या चुका टाळा

पावसाचं पाणी वाळू-खडीतून गाळून जमिनीत किंवा बोअरमध्ये जिरवणारा शोषखड्डा तुंबला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिला ठराव होतो तो वाळू बदलण्याचा. वाळू बदलली जाते, बिल निघतं, आणि पुढच्या पावसाळ्यात खड्डा पुन्हा तळ्यासारखा भरून राहतो. बिघाड बहुतेक वेळा वरच्या बाजूला असतो: खड्ड्यापर्यंत काय काय येऊ दिलंय यात. म्हणून तपासणी गच्चीपासून आणि पार्किंगपासून सुरू करा, खड्डा शेवटी उघडा.

गच्ची आणि पार्किंग एकाच पाइपात

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गच्चीच्या पाण्यात धूळ, पालापाचोळा आणि कबुतरांची घाण असते. पार्किंगच्या आणि आतल्या रस्त्याच्या पाण्यात गळालेलं ऑइल असतं, टायरच्या झिजेतून आलेलं जस्त असतं, ब्रेकच्या पुडीतलं तांबं असतं. एकच लाइन टाकली की खर्च वाचतो, म्हणून दोन्ही पाणी एका चेंबरमध्ये आणून थेट बोअरमध्ये सोडलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी खडक बेसॉल्टचा, म्हणजे काळा कातळ. जाड गाळाच्या मैदानी प्रदेशात पाणी वाळूमातीतून हळूहळू झिरपताना वाटेत थोडंफार स्वच्छ होतं. बेसॉल्टमध्ये ते भेगांतून वाट काढतं आणि तिथे गाळणारं फारसं काही नसतं. तुमच्या फिल्टरमधून जे निसटलं, ते शेजारच्यांच्या बोअरलाही लागू शकतं.

वाळूकडून लोकांची अपेक्षा जरा जास्तच असते. ती गाळ थोपवते आणि गाळाच्या कणांना चिकटलेले धातूही त्याबरोबर थोपतात. पाण्यात विरघळलेलं जस्त, साबण, नायट्रेट मात्र तिच्यातून सरळ पार होतं. गळती थांबवायला गच्चीवर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याची शेड घातली असेल, तर तिथून उतरणाऱ्या जस्ताचा बराच भाग असा विरघळलेलाच असतो. कोळशाचा थर घातला की सगळं शुद्ध होतं, हाही असाच समज. साध्या लाकडी कोळशाची शोषण्याची ताकद मर्यादित असते आणि वर्षानुवर्षं न बदललेला कोळसा ही फक्त काळी खडी असते.

पार्किंगच्या पाण्यात काय असू शकतं, याचं एक बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं आहे. तिथे पाऊस पडून गेला की शहरातल्या ओढ्यांत कोहो साल्मन मासे अंडी घालण्याआधीच मरत. कारण 2020 मध्ये उघड झालं: टायर टिकावा म्हणून रबरात घालतात त्या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन तयार होणारा एक पदार्थ. त्याआधीच्या प्रयोगांत, रस्त्यावरचं तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या मिश्रणातून गाळून दिलं तेव्हा मासे जगले होते. म्हणजे या पाण्यावर उपाय आहे, फक्त तो बोअरमध्ये नाही. आधी ऑइल अडवणारं चेंबर, मग झाडं लावलेला वाळू-मातीचा खोलगट वाफा, आणि उरलेलं पाणी पावसाळी गटारात.

ऑइल-चेंबरमध्ये बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्याखाली हवं, कारण ऑइल वर तरंगतं. तोंड वरच असेल तर ऑइलच आधी बाहेर पडणार. वाफ्यात उत्साहाने शेणखत भरू नका. खताचं प्रमाण जास्त झालं की त्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट सुटतं आणि पाणी आत आलं त्यापेक्षा घाण होऊन बाहेर पडतं.

ड्राय बाल्कनीचा चोरटा पाइप

ही चूक कागदावरच्या नकाशात कधीच सापडत नाही. कोणीतरी वॉशिंग मशिनचं पाणी जवळच्या पावसाळी पाइपात जोडतं, मग वरच्या-खालच्या मजल्यावरचेही तेच करतात. शोधायला सोपं आहे. आठ दिवस पाऊस नाही असा दिवस बघा, सकाळी खड्ड्याआधीच्या चेंबरचं झाकण उचला. पाणी वाहतंय किंवा फेस दिसतोय, तर ते पावसाचं नाही. आधी ती जोडणी काढा, नंतरच वाळूला हात लावा. सांडपाण्याच्या चिकट थराने तुंबलेली वाळू कितीही वेळा बदलली तरी तेच होणार.

पहिला पाऊस: हिशेब करून बघा

गच्चीवरची बरीच घाण पहिल्या पाण्याबरोबर उतरते, म्हणून ते फिल्टरवर न घेता बाजूला काढतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 500 चौरस मीटरच्या गच्चीवरचा पहिला 2 मिलिमीटर पाऊस बाजूला काढायचा तर 1,000 लिटर झाले. प्रत्यक्षात काय बसवलेलं असतं? चार इंची पाइपाचा उभा तुकडा, खाली टोपण. असा पाइप एका मीटरला जेमतेम 8 लिटर घेतो. तीन मीटरचा तुकडा लावून 25 लिटर घाण पाणी अडवल्याचं समाधान मिळतं आणि बाकी सगळं फिल्टरवर जातं.

मोठ्या गच्चीला टाकी तरी बांधावी लागते किंवा साधा व्हॉल्व्ह बसवून सुरुवातीचं पाणी गटारात सोडावं लागतं. व्हॉल्व्हचा उपाय मला जास्त पटतो, पण तो फिरवायची जबाबदारी एका माणसाची हवी. ‘सगळ्यांची’ म्हटलं की कोणीच फिरवत नाही. टाकी असेल तर ती दोन पावसांच्या मध्ये आपोआप रिकामी व्हायला खाली बारीक भोक ठेवतात. ते बुजलं की टाकी भरलेलीच राहते आणि पुढच्या पावसात तिचा उपयोग शून्य.

वेळही चुकते. साफसफाईचा ठराव जूनमध्ये होतो, तोवर वळवाचे पाऊस येऊन गेलेले असतात. ऑक्टोबरपासूनची सगळी धूळ आणि पाचोळा त्या पाण्याबरोबर उतरलेला असतो. गच्ची एप्रिलअखेर झाडून घ्या, आणि वळवाच्या सरी होईपर्यंत पाणी गटाराकडेच वळवून ठेवा. शेजारी बांधकाम चालू असेल तर जास्तच जपा. सिमेंटचं पाणी एकदा वाळूत गेलं की वरचा थर गोठतो.

वाळू आणि थर

नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून दगड फोडून केलेली क्रश सँड सर्रास वापरली जाते. वापरायला हरकत नाही, पण धुतलेली हवी. न धुतलेल्या क्रश सँडमधली दगडाची भुकटी खाली उतरून खडीच्या फटी बुजवते किंवा बोअरमध्ये जाते. नवा फिल्टर सुरू केल्यावर बोअरचं पाणी राखाडी, गढूळ येत असेल तर पहिला संशय हिच्यावर घ्या. विटांचे तुकडे घालायला सांगणारेही भेटतात. विटा भिजून झिजतात आणि त्यांचा चिखल होतो.

खाली मोठे दगड, मध्ये खडी, वर जाड वाळू हा क्रम असतो, कारण गाळ वरच अडकला तर खरवडून काढता येतो. थरांच्या मध्ये कापड अंथरलं की गाळ त्या कापडावर बसतो आणि सगळा खड्डा उपसावा लागतो. जाळी हवीच असेल तर ती सगळ्यात वर, उचलून धुता येईल अशी ठेवा.

तुंबलं असेल तर

पाऊस थांबल्यावर खड्ड्याच्या भिंतीवर पाण्याची पातळी खडूने आखा आणि दोन तासांनी बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर आधी वरची 5 ते 7 सेंटिमीटर वाळू खरवडून नवी घाला. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. तरीही उतरत नसेल तर खालची खडी किंवा बोअरच्या केसिंगची (आत बसवलेल्या पाइपाची) भोकं बुजलेली असणार. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत सेंद्रिय घाण हवेविना सडतेय, तेव्हा पुन्हा चोरट्या पाइपाकडे वळा. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते, म्हणून दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर पंपाने खड्डा रिकामा करा.

उलट प्रकारही असतो: पाणी फार झपाट्याने उतरतं. खूश होऊ नका. भिंत आणि वाळू यांच्यामधल्या फटीतून ते न गाळताच खाली जात असेल. कडेने वाळू धसलेली, खळगा पडलेला दिसला तर नक्कीच. अशा वेळी बोअरकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करून मगच काम काढा.

काढलेला गाळ कुठे टाकायचा हे आधी ठरवा. गच्चीचा गाळ बागेत चालेल, पार्किंगच्या चेंबरमधला नको. वर साठलेलं ऑइल वेगळ्या डब्यात काढून अधिकृत रिसायकलरकडे द्या. आणि ठेकेदाराचं बिल मंजूर करण्याआधी टँकरचं किंवा टाकीचं पाणी त्याच्यासमोर खड्ड्यात सोडून खडूची रेघ किती वेळात उघडी पडते ते बघा, तो वेळ बिलावरच लिहून ठेवा.