‘घर चांगलं आहे’ एवढ्यावर मूल पाठवू नका: प्रतिपालक कुटुंब शोधताना होणाऱ्या चुका

प्रतिपालक कुटुंब म्हणजे दत्तक न घेता मुलाला काही काळ आपल्या घरी सांभाळणारं कुटुंब. अशा कुटुंबाच्या गृहभेटीच्या अहवालात एक वाक्य हमखास असतं: ‘घर चांगलं आहे, कुटुंब सुस्वभावी आहे.’ नवीन कार्यकर्त्यांनी हे लिहून आणलं की मी फाइल परत करते. चांगलं आहे, पण कोणासाठी? सात वर्षांच्या मुलीसाठी, की मिसरूड फुटलेल्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी? ज्याची आई महिन्याला भेटायला येते त्याच्यासाठी, की जिला भेटायला कुणीच येत नाही तिच्यासाठी? घर चांगलं असणं ही पात्रता झाली. मूल आणि घर यांची जुळणी तिथून पुढे सुरू होते.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, तोंडावर आपटून शिकले आहे. नऊ वर्षांचा मुलगा, त्यातली चार वर्षं बालगृहात गेलेली. कुटुंब म्हणजे दोघंही नोकरी करणारे, स्वतःचा फ्लॅट, बोलायला अतिशय मऊ. मुलासाठी वेगळी खोली, नवा पलंग, टेबल, छताला अंधारात चमकणाऱ्या चांदण्यासुद्धा चिकटवलेल्या. मी अहवालाला त्या खोलीचे फोटो जोडले होते, आणि त्याचा मला अभिमानही होता. तिसऱ्या आठवड्यात बाईंचा फोन आला. मुलगा रात्री उठतो आणि यांच्या बेडरूमच्या दाराशी फरशीवर येऊन झोपतो. पहाटे साहेब बाहेर आले ते त्याच्या अंगावर पाय पडून पडता पडता वाचले. ‘हा आमच्यावर पाळत ठेवतो का हो?’ असं त्यांनी मला विचारलं. मी समजावत राहिले, पण महिनाभरात मुलगा बालगृहात परत.

बालगृहातल्या काळजीवाहक बाईंना विचारलं तर एका मिनिटात उलगडा झाला. हॉलमध्ये बावीस मुलं, गाद्या एकीला एक लागून, आणि झीरोचा बल्ब रात्रभर चालू. चार वर्षांत तो एकदाही एकटा झोपला नव्हता, अंधारात तर नाहीच. त्याला हवा होता कुणाच्या तरी श्वासाचा आवाज, आणि आपण दिल्या चांदण्या.

तेव्हापासून मी जुळणीआधी बालगृहात दुपारी जातच नाही. रात्रीच्या जेवणाच्या पंगतीला जाते आणि गाद्या पडेपर्यंत थांबते. अधीक्षकांच्या टेबलासमोर मुलाची फाइल कळते. मूल कळतं ते स्वयंपाकाच्या मावशींना. शेजारी कोण झोपतं, ताटात काय उरतं, कुणी रागावलं की कुठे जाऊन बसतो, एवढं विचारायचं. आणि कुटुंबाला सांगते: पहिले पंधरा दिवस सगळ्यांनी हॉलमध्ये गाद्या टाका, पलंग नंतर घ्या. हे ऐकून कपाळाला आठी पडली, तर ते घर मी त्या मुलापुरतं तरी बाजूला ठेवते. नियमात असं काही नाही, ही माझी सवय. वन रूम किचनमध्ये टिकलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यामुळे ‘स्वतंत्र खोली: आहे’ या रकान्याचा माझ्यावर आता फारसा परिणाम होत नाही.

दुसरी चूक, दत्तकाच्या रांगेत कंटाळलेल्यांना ‘तोवर हे करा’ म्हणून इकडे वळवणं. २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तींनाही दार उघडलं, आणि मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं असेल तर दोन वर्षांच्या संगोपनानंतर त्याच कुटुंबाला दत्तक घेता येतं, पूर्वी पाच वर्षं लागायची. चांगलीच गोष्ट आहे. पण लोक यातला ‘मोकळं असेल तर’ हा भाग ऐकत नाहीत, आणि आकडा भरायच्या घाईत आपणही तो हळूच गिळतो. मग आई भेटायला आली की घरात सुतक. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे बाल कल्याण समितीला, म्हणजे मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या समितीला, ते मुलाच्या हिताविरुद्ध वाटत नसेल, तर जन्मदात्यांना भेटता येतं. म्हणून मी पहिल्याच बैठकीत विचारते: ‘याची आई उद्या दारात आली तर चहा कोण ठेवेल?’ नवराबायको एकमेकांकडे बघतात. त्या बघण्यातच मला उत्तर मिळतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. ‘पुण्याचं काम आहे’ म्हणून कुटुंबं गोळा करू नका; पुण्य दहावीच्या वर्षात संपतं. घरातल्या मुलांना वेगळं बसवून विचारा, आईबापांसमोर नाही. भावंडं तोडू नका. कायदाही शक्यतो एकत्रच ठेवा म्हणतो. मुलाला ‘आजपासून हेच तुझे आईबाबा’ असं सांगणाऱ्या कार्यकर्त्याला मी दारातूनच परत नेते. आणि फोटो! स्वागताचा हार घातलेला फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकलेला मी पाहिलाय. त्याच अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे आधी सांगा, नंतर नाही.

आता कुटुंबं टिकवण्याबद्दल, कारण शोधण्यापेक्षा गळती मोठी आहे. आपल्याला वाटतं, मुलाच्या त्रासाने लोक सोडतात. मला भेटलेली बहुतेक कुटुंबं आपल्याला कंटाळून सोडून गेली.

एका तालुक्याच्या गावी निवृत्त अंगणवाडी सेविका होत्या. आमच्या यादीतलं सोनं. बारा वर्षांची मुलगी त्यांच्याकडे नीट रुळली होती. एका रात्री मुलीच्या पोटात दुखायला लागलं, मावशी रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेल्या. काउंटरवर पहिला प्रश्न: ‘तुम्ही मुलीच्या कोण?’ त्यांच्याजवळ समितीच्या आदेशाची प्रत नव्हती, ती आमच्या कपाटात होती. माझा फोन बंद. दोन तास त्या बाकावर बसून, सोबतचे लोक ‘मूल कुणाचं आणलंय’ म्हणून बघतायत. अपेंडिक्स नव्हतं, साधा गॅस होता. पण सकाळी मावशी मला म्हणाल्या, ‘ताई, चोर ठरवलंत मला.’

आता मूल घरी जातं त्याच दिवशी एक प्लॅस्टिकची फाइल जाते: आदेशाच्या पाच झेरॉक्स, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, लसीकरणाची नोंद, औषधं असतील तर चिठ्ठी, आणि दोन फोन नंबर, त्यातला एक रात्री उचलणाऱ्याचा. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेचे महिन्याला ४,००० रुपये खात्यात कधी पडतील याची तारीख मी तोंडी देत नाही. कागद पुढे सरकला की तेवढं कळवते. समितीची दरमहा पाहणी असतेच, पण ती मुलासाठी. कुटुंबासाठी मी वेगळी जाते, रिकाम्या हाताने आणि फॉर्म न काढता, पहिले तीन महिने दर आठवड्याला. फोनवर ‘सगळं ठीक ना?’ विचारलं तर सगळेच ‘हो’ म्हणतात.

मावशींनी वार्षिक परीक्षेपर्यंत मुलीला सांभाळलं, मग नाव काढून घ्या म्हणाल्या. त्यांच्या गल्लीत आणखी दोन घरं तयार होती. पुढची चार वर्षं तिथे मला कुणी चहाला बस म्हटलं नाही.