कॉपीराइट रजिस्टर करताय? मग या चुका टाळा

फॉर्म कुठला, फी किती, सर्टिफिकेट कधी येणार... माझ्याकडे येणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. मी आधी एकच विचारतो, या कामाला तुझ्याशिवाय अजून कोणाकोणाचा हात लागलाय? लोक जरा चिडतात, पण खरं सांगतो, अर्ज अडकतात ते इथेच.

सगळ्यात जास्त घोळ गाण्यांचा. लोकांना वाटतं गाणं एक म्हणजे अर्जही एक. कायद्याच्या नजरेत त्यात तीन कामं आहेत, शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि रेकॉर्डिंग हे ध्वनिमुद्रण. तिन्हीचे अर्ज वेगळे, पहिल्या दोन्हींची फी प्रत्येकी ५०० रुपये, रेकॉर्डिंगची २०००. मालकही तीन वेगळे असू शकतात, आणि रेकॉर्डिंगचा ऑथर, म्हणजे कायदा ज्याला कर्ता मानतो तो, निर्माता (रेकॉर्डिंग करवून घेणारा) असतो, गायक नाही.

ओळखीतल्या एका मुलाने गाणं लिहिलं, चाल मित्राची, रेकॉर्डिंग तिसऱ्याने स्वतःच्या खर्चाने करून दिलं. याला अपलोड करायची घाई, म्हणून फॉर्म भरायला एका माणसाला पैसे दिले. त्याने ध्वनिमुद्रणाचा एकच अर्ज टाकला, ऑथर हाच, ओनर हाच, अर्जदारही हाच, आणि ईमेल आयडी मात्र त्या फॉर्म भरणाऱ्याचा! डायरी नंबर आला तसा पोराने व्हिडिओखाली 'कॉपीराइट रजिस्टर्ड' लिहून टाकलं. अरे, डायरी नंबर म्हणजे अर्ज पोचल्याची खूण फक्त, त्यानंतर कोणाची हरकत येते का म्हणून ३० दिवस थांबतात, मग तपासणी होते. चालवाल्या मित्राने ती ओळ वाचली आणि सरळ हरकत पाठवली. कॉपीराइट ऑफिसचं पत्र गेलं त्या फॉर्म भरणाऱ्याच्या मेलवर, त्याने उघडलंच नाही, उत्तराची मुदत निघून गेली. फी गेली ती गेलीच, वर दोघांचं बोलणं बंद झालं. नंतर तो मित्र मला म्हणाला, "आधी विचारलं असतं तर उभ्या उभ्या सही दिली असती की."

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, काम चालू असताना, सगळे एकमेकांवर खूश असतानाच एक कागद करून घ्या. कोणी काय केलं, कशावर कोणाचा हक्क, खाली सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. अर्जदार स्वतः ऑथर नसेल तर ऑथरची एनओसी (ना हरकत पत्र) लागतेच, काम प्रकाशित झालं असेल आणि प्रकाशक दुसरा असेल तर त्याचीही. आणि ईमेल स्वतःचाच द्या, जो रोज उघडता तो.

दुसरी चूक, जी ऐकून माझं डोकं फिरतं, "पैसे दिलेत ना, मग हक्क माझाच." नाही! नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर हक्क मालकाचा, वेगळं काही ठरलं नसेल तर. पण बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन मजकूर लिहून घेतला, अनुवाद करून घेतला, तर कॉपीराइट त्या लिहिणाऱ्याकडेच राहतो. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो किंवा पोर्ट्रेट यांना नियम वेगळा आहे, पण तो सगळ्याला लावू नका. हक्क हवा असेल तर सही केलेला असाइनमेंटचा, म्हणजे हक्क नावावर करून देण्याचा, लेखी करार हवा, तोंडी ठरलेलं किंवा नुसतं बिल चालत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. नेटवरून उचललेल्या नमुन्यावर सह्या करणारे नेमक्या याच दोन जागा रिकाम्या सोडतात. मी करार हातात आला की आधी त्याच शोधतो, बाकीचं नंतर वाचतो.

स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने हस्तलिखित पाठवून पाकीट सीलबंद ठेवायचं, हा सल्ला अजून फिरतोय. त्याने रजिस्ट्रेशन होत नाही, विषय संपला.

"७ दिवसांत सर्टिफिकेट" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, वर सांगितलेले ३० दिवस कोणालाच चुकत नाहीत.

नुसती कल्पना किंवा नुसतं शीर्षक रजिस्टर करायला जाऊ नका. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच स्पष्ट केलंय. आधी पूर्ण लिहा.

उलट टोकाचेही लोक आहेत, रजिस्टर होईपर्यंत कोणाला काही दाखवतच नाहीत. कॉपीराइट काम तयार झालं त्या क्षणी मिळतो, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही. त्याचा उपयोग पुराव्याला, १९५७ च्या कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे रजिस्टरमधली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरतात. म्हणून तर ती नोंद खरी हवी, नाहीतर समोरचा वकील पहिलं तिलाच धरेल.

अप्रकाशित म्हणून नोंदवलेली कादंबरी पुढे छापली तर बदल कळवायचा असतो, तो कोणी कळवत नाही. कळवा.

आणि लोगो किंवा लेबल मालावर वापरणार असाल तर फी २००० आहे, शिवाय ट्रेडमार्क ऑफिसचं सर्टिफिकेट लागतं की तसाच किंवा फसवा सारखेपणा असलेला मार्क दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही. त्याचा अर्ज आधी टाका, कॉपीराइटचा फॉर्म नंतर उघडा.